दार नसलेल्या यानाचा दरवान

आमच्या दरवानाला मिशी कशी आली याच्या नगरमध्ये दोन-तीन हकिकती सांगतात. कुणी म्हणतं, सरांच्या सासऱ्यांची मिशी तशी होती. कुणी म्हणतं, तेव्हा शहरात एक फौजदार होते, त्यांच्यावरून घेतली. सगळ्या थापा आहेत. खरं काय ते मला विचारा, कारण त्या दरवानाचं पहिलं चित्र माझ्या हातचं आहे आणि त्यात मिशी नव्हतीच.

पण दरवान सांगायचा म्हणजे आधी सर सांगायला हवेत.

सर नगरच्या एका हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि घरातल्या पुढच्या खोलीतून मुलांसाठी एक विज्ञान-मासिक काढायचे. मासिकाचं नाव सांगत नाही, उगाच कुणीतरी जुने अंक मागत दारात यायचं. संपादक सर, लेखक सर, प्रुफं तपासणारे सर, आणि अंक छापून आला की घड्या घालायला वहिनी. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एका दुपारी सर आमच्या स्टाफरूममध्ये शिरले, खिशातली फूटपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि ओळखपाळख न करता मला म्हणाले, "बाई, यंत्रमानव काढता येतो का?"

मी म्हटलं, "सर, मी स्थिरचित्र शिकवते, स्मरणचित्र शिकवते. स्मरणचित्राला आजवर यंत्रमानव आला नाही."

"मग आठवल्यासारखा काढा," सर म्हणाले आणि हस्तलिखित ठेवून गेले. फूटपट्टी विसरले. पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "विसरलो नव्हतो. तुम्ही वाचायला सुरुवात केली की नाही ते बघायला आलो."

तिथंच मी ओळखायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

ते हस्तलिखित म्हणजे सरांची अंतराळातली क्रमशः कथा. नायक एक कॅप्टन. या ग्रहावरून त्या ग्रहावर जाणारा, सगळी उत्तरं पाठ असणारा. त्याच्या वर्णनाला सरांनी दीड पान दिलेलं. उंची, कपाळाची रुंदी, खिशाला लावलेलं पेन, भांग कुठल्या बाजूला ते सगळं. आणि शेवटी एक ओळ : 'दारातल्या यंत्रमानवाने दार उघडले.' संपलं. हाच आमचा दरवान, आणि त्या बिचाऱ्याला ना नाव ना गाव.

मी कॅप्टन अगदी सांगितल्याबरहुकूम काढला. यंत्रमानवाला एक खोकं दिलं, दोन दिवे डोळे म्हणून लावले आणि बोलायला दिव्यांखाली बारीक जाळी काढली. बोरूच्या टोकानं, श्वास रोखून, इतकी बारीक की माझी मलाच कौतुकानं उचकी लागायची. त्या चित्राचा जस्ताचा ब्लॉक झाला, छापखान्यात ट्रेडलच्या यंत्रावर चढला, आणि तिथल्या जाड शाईनं माझ्या जाळीच्या सगळ्या रेघा भरून टाकल्या. अंक हातात आला तर यंत्रमानवाला ही भरघोस काळी मिशी!

मला रडू यायचं बाकी राहिलं. अंक घेऊन तशीच सरांकडे गेले. म्हटलं, "सर, चूक झाली. मी पुढच्या वेळी जाळीच काढत नाही."

सरांनी चित्र उलटं धरलं. कुठलंही चित्र ते आधी उलटं धरूनच बघायचे. सुलटं चित्र माणसाला फसवतं असं त्यांचं मत होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, चूक म्हणू नका. कारण शोधा."

आणि पुढच्या अंकात आलं : 'त्याच्या ओठांवर दिसत होते ते केस नव्हेत. विश्वकिरण टिपणाऱ्या अतिसूक्ष्म तारांचा तो जुडगा होता.' मी वाचलं आणि हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण मिशी जी चिकटली ती चिकटली. पुढच्या चित्रात मला ती मुद्दाम काढावी लागली, कारण आता तिला शास्त्राचा आधार होता.

"चूक म्हणू नका, कारण शोधा" हे सरांचं फक्त चित्रांपुरतं नव्हतं, अहो. जगणंच तसं. एकदा ते एका विद्यार्थ्याच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोचले. मांडव उतरवत होते. सरांनी आहेर दिला, उरलेली बुंदी खाल्ली आणि घरी येऊन सांगितलं की लग्नाच्या दिवशी यजमानांना बोलायला फुरसत नसते, म्हणून मी आज गेलो. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर उन्हाळ्यात घामावाटे काय काय जातं ते सांगायचे, आणि तो चहा संपवायचे. वहिनी पदरानं कपाळ पुसत म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून यांनी एक चूक केली असेल तर शपथ. नुसती कारणं केली."

दरवानाचे पाय गेले तेही असेच. एका अंकात पानाखाली दंतमंजनाची जाहिरात आली आणि जागा पुरेना. छापखान्यातल्या माणसानं सरळ करवत घेतली आणि ब्लॉक गुडघ्यापासून कापला. दरवान जाहिरातीतून उगवल्यासारखा दिसायला लागला. मी संतापले. सर मात्र खूश. त्यांनी लगेच लिहिलं की त्याला पायांची गरजच नाही, तो जमिनीपासून वीतभर वर तरंगतो. तेव्हापासून मी त्याला गुडघ्याखाली काही काढलं नाही. माझं काम कमी झालं म्हणून मीही फारशी कुरकुर केली नाही.

सरांना या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती, आणि ती ते लपवायचे नाहीत. पुस्तक. तेही कसलंही नाही, कणा असलेलं. आमचं मासिक मधोमध पिन मारलेलं. पिन मारलेल्याला कणा नसतो, म्हणजे त्यावर नाव छापता येत नाही. ती फूटपट्टी त्यासाठीच होती. वाचनालयात गेले की सर लोकांच्या पुस्तकांचे कणे मोजायचे. कुणाच्या घरी गेले तरी कपाटापुढे उभे. "कपाटात उभं केल्यावर नाव दिसलं पाहिजे, बाई," ते म्हणायचे. "आडवं ठेवलं तर रद्दीचंसुद्धा नाव दिसतं." निवृत्त व्हायच्या आत आपल्या नावाचा एक कणा कपाटात उभा राहावा, एवढीच त्यांची इच्छा. दुसरी काही मागणी त्यांनी देवाकडे केली असेल असं मला वाटत नाही.

आता पेंटर. मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा सरांनी चित्रांसाठी पेंटरला धरून आणलं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, लग्नातले कापडी फलक असली कामं तो करायचा. माणूस हाताचा उत्तम. मूळचा शनिशिंगणापूरचा. बाळ मांडीवर घेऊन मी माहेरी अंक उघडला आणि बघतच राहिले. एक तर त्यानं प्रत्येक गोष्टीला डाव्या अंगानं जाड सावली दिलेली, पाटीवरच्या अक्षरांना देतात तशी. कॅप्टनला सावली, ग्रहाला सावली, ताऱ्यांनासुद्धा सावली. आणि यानाला चौकट होती, उंबरा होता, आतली खाट आणि पाण्याचा माठही स्वच्छ दिसत होता. दार नव्हतं.

सर आणि पेंटर यांच्यात त्यावर जे बोलणं झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण शब्दाचा फरक नव्हता.

"पेंटर, दार कुठंय?"

"हाय की सर. हे काय."

"ही चौकट झाली. दार? बंद करायचं दार?"

"आमच्या गावाला घरांला दारं नस्त्यात सर. चौकट काढली की हात आपसूक थांबतो."

"अहो, हे गाव नाही, अंतराळ आहे! बाहेर हवा नसते. दार नसलं तर आतली सगळी हवा जाईल!"

"कोन न्हेनार हाय सर हवा?" पेंटर म्हणाला. "आन् दरवान उभा केलाय की म्या तितं."

सरांनी चित्र उलटं केलं. मग उठून त्यांनी पेंटरला मिठीच मारली. पेंटर मला सांगताना अजून लाजायचा, "मला वाटलं सर मारत्यात का काय."

पुढच्या अंकात सरांनी लिहिलं : 'यानाला दार नव्हते. दरवान चौकटीत उभा असेपर्यंत हवेचा कणही बाहेर जात नसे.' सावल्यांसाठी त्यांनी आकाशात दुसरा सूर्य टाकला, तो वेगळाच. हवेचं म्हणाल तर काहीतरी चुंबकाचं कारण दिलं होतं. मी विचारलं, "सर, हवेला चुंबक कसा काय लागतो?" तर म्हणाले, "ते पुढच्या अंकात." पुढचा अंक आला. त्यात ते नव्हतं.

पण पोरांना चुंबकाशी काय देणंघेणं? त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की हा मिशीवाला जागचा हलला तर सगळे मरणार. झालं! पोस्टकार्डांचा पाऊस. नेवाशाहून, पाथर्डीहून, कुठल्या कुठल्या वस्त्यांवरून. दरवान झोपतो का? दरवानाला खाज आली तर? सगळे ग्रह बघायला गेले तर दरवानाला कोण काय सांगतं? एका मुलीनं लिहिलं होतं, 'त्याला कुणीतरी स्टूल द्या.' कॅप्टनबद्दल एक अक्षर नाही.

सरांना भाग पडलं. एका ओळीचा दरवान परिच्छेदाचा झाला, परिच्छेदाचा पानाचा, आणि बघता बघता निम्मी गोष्ट त्याची झाली. सगळे बाहेर जातात, नवी नवी जगं बघून येतात, आणि हा चौकटीत उभा. आल्यावर प्रत्येक जण त्याला थोडं थोडं सांगतो. सर असं काही लिहू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. कॅप्टनचं लिहिताना ते फळ्यावर लिहिल्यासारखं लिहायचे.

मी परत आले, पण पेंटर हटेना. मग एक अंक माझा, एक त्याचा असं ठरलं आणि दरवानावरून आमचं शीतयुद्ध सुरू झालं. मी मिशी बारीक करायचे, तो टोकांना पीळ द्यायचा. मी सावली पुसायचे, तो पुन्हा ओतायचा. "बाई, तुमचा दरवान आजाऱ्यावानी दिसतोय," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "तुमचा तालमीतून आल्यासारखा दिसतो." मिशी महिन्याआड वाढते आणि उतरते हे पोरांच्या लक्षात आलं. सरांनी विश्वकिरणांना भरती-ओहोटी लावून दिली आणि आम्हा दोघांनाही भांडायला मोकळं सोडलं.

मग आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं देखाव्यासाठी हीच गोष्ट घेतली. सरांना कोण आनंद! कॅप्टनची मूर्ती मंडळानं नवी करून घेतली, सडपातळ, रुंद कपाळाची, खिशाला पेन. दरवानासाठी मात्र आदल्या वर्षीच्या देखाव्यातला हवालदारच चंदेरी रंग मारून उभा केला. त्यामुळे दरवानाला एकदम पोट आलं, पट्टा आला, दोन मोठे कान आले, आणि मोटरवर चालणारा सलाम आला. सलाम करताना हात दर वेळी कपाळावर टाणकन आपटायचा. पोरं त्या टाणकन्‌वर टाळ्या पिटायची.

मंडळाची मुलं म्हणाली, सर, पुढं या. पण सर वहिनींना आणि मला घेऊन रांगेतूनच गेले. आमच्या पुढे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन होते. त्यांनी कॅप्टनकडे बोट करून विचारलं, "ह्यो कोन रं?" नातू म्हणाला, "ह्यो कंडक्टर हाय." त्याचंही काय चुकलं? खिशाला पेन होतं.

सरांनी ते ऐकलं. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "बाई, खरं सांगा. कॅप्टनमध्ये काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही हो सर," मी म्हटलं. खरंच नव्हतं. वहिनी कुलूप काढता काढता म्हणाल्या, "तेच तर." सरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आत गेले. त्या महिन्याच्या अंकात दरवानाचं पोट म्हणजे हवेची राखीव टाकी ठरलं. कॅप्टनला तीन ओळी मिळाल्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि सरांची नोकरीही. छापखान्यात ट्रेडल जाऊन ऑफसेट आलं होतं, रेघा आता भरत नव्हत्या. अशात पुण्याच्या एका प्रकाशकांचा सरांच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. प्रकाशकांच्या भाच्यानं सुट्टीत नगरला आमचे अंक वाचले होते. त्यांना पुस्तक करायचं होतं.

सर, मी आणि पेंटर, असे तिघं माळीवाड्याच्या स्टँडवरून एसटीनं निघालो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेंटर आपल्या सगळ्या दरवानांची वळकटी बगलेत धरून बसला होता, मी माझी फाइल घेऊन. घाट नाही, वळण नाही, तरी सरांना मळमळायला लागलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कारण नाही. नुसतं होतंय." असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

प्रकाशक भला माणूस होता. कुठं फसवाफसवी नाही, मोठेपणा नाही. त्यांनी चहा दिला आणि टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढलं. आत कोरी पानं, पण जाडी खरी, बांधणी खरी, आणि कण्यावर सरांचं नाव. "असं दिसेल," ते म्हणाले. सरांनी फूटपट्टी काढली, कणा मोजला. मग पुस्तक टेबलावर उभं केलं आणि मागं मागं सरकत थेट ऑफिसच्या दारापर्यंत गेले. तिथून म्हणाले, "बाई, दिसतंय. इथून दिसतंय." पेंटरनं उगाच नाक शिंकरलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरचं लग्न जमावं तसं.

मग प्रकाशकांनी त्यांच्या चित्रकारानं केलेली नमुन्याची चित्रं पुढं ठेवली. "तुमची चित्रं गोड आहेत," ते मला आणि पेंटरला म्हणाले, "पण एका पानावर पाय आहेत, दुसऱ्यावर नाहीत. कुठं पोट आहे, कुठं नाही. पुस्तकात एकच हात हवा." यात खोटं काय होतं? पेंटर मान हलवून म्हणाला, "बराबर हाय."

आणि चित्र होतं सुरेख. आता लपवून काय करायचं? दरवान लखलखीत पोलादाचा, छाती भरदार, पायांत बूट, ओठ स्वच्छ. मागे तिजोरीसारखं जाडजूड दार, त्याला चाक. प्रकाश एका बाजूनं आला होता आणि सावली जिथं पडायला हवी तिथंच पडली होती. मला सात जन्मांत जमलं नसतं.

सरांनी ते उलटं धरलं. सुलटं केलं. पुन्हा उलटं. प्रकाशक आमच्याकडे बघायला लागले. "सर, काही चुकलंय का?"

"नाही," सर म्हणाले. "पेंटर, तुम्हाला काही चुकलेलं दिसतंय?"

"न्हाई सर. लई भारी काढलंय."

"बाई, तुम्हाला?"

"नाही सर."

"मग याचं मी काय करू?" सरांनी चित्र हलकेच टेबलावर ठेवलं. "याला पाय आहेत, मागं दार आहे. याच्याबद्दल मला काहीच सांगावं लागत नाही. हा मला ओळखतसुद्धा नाही हो."

सरांनी विचारलं, बाकी सगळं तुमच्या चित्रकाराचं आणि दरवान तेवढा या दोघांचा, असं चालेल का? प्रकाशक म्हणाले, नाही सर, ते फार विजोड दिसेल. सरांनी तेही मान्य केलं. मग म्हणाले, "असं करा. कॅप्टन घ्या, ग्रह घ्या, यान घ्या. त्याला दार लावा, कुलूप लावा. दरवान काढून टाका."

"सर, निम्मी पानं जातील," प्रकाशक काकुळतीला आले. "कणा राहणार नाही. पिन मारावी लागेल."

सर त्या कोऱ्या पुस्तकाकडे बघत होते. ते अजून टेबलावर उभंच होतं. मला राहवेना. म्हटलं, "सर, असं नका करू. आमची चित्रं कसली, पाटीवरची नि शाळेतली. आमच्यासाठी नका हो करू."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" सर माझ्यावरच खेकसले. "मारा पिन."

येताना बसमध्ये पेंटरनं शेंगा घेतल्या आणि कुणी खाल्ल्या नाहीत. मला रडू येत होतं. सरांचा राग येत होता, त्या सुरेख चित्राचा येत होता, माझ्या हाताचा येत होता. इतक्या वर्षांत मी एक तरी दरवान धड काढला असता तर? सुप्याच्या आसपास सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "खिडकी लावा, बाई. धूळ जातेय तुमच्या डोळ्यांत." खिडकी लावलेलीच होती.

पुस्तक आलं. पातळ, पिन मारलेलं, मुखपृष्ठावर भरदार छातीचा कॅप्टन. वहिनींनी ते कपाटात दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभं केलं आणि मागे सरून पाहिलं. "आहे का नाही तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "आहे."

नंतर सर निवृत्त झाले आणि मासिक बंद करायचं ठरलं. शेवटचा अंक, पाळी माझी. माझ्या मनातून तो कणा जात नव्हता. सरांना काहीतरी द्यावं असं फार वाटत होतं, पण मी देणार काय? शेवटी मी चित्रच केलं. आमचा दरवान, मिशी, पोट, पट्टा सगळं घेऊन चौकटीत उभा, आणि त्याला मी दोन्ही हात डावे काढले. म्हटलं, घ्या, जाता जाता एक चूक घ्या. लिहा काय लिहायचं ते.

सरांनी चित्र उलटं धरलं, सुलटं केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंय."

"नाही हो सर. चुकलं."

"बाई, खोटं बोलू नका. चुकलेला माणूस इतका नीटनेटका अंगठा काढत नाही." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "माझी कीव करून केलेल्याला मी कारण देत नसतो. परत काढा."

ज्या माणसानं करवतीनं कापलेला दरवान चालवून घेतला, बिनदाराचं यान चालवून घेतलं, त्यानं मला परत काढायला लावलेलं ते एकच चित्र. मला अस्सा राग आला! घरी येऊन मी नवा कागद टाचला. म्हटलं, थांबा, आता असा बिनचूक काढते की बघतच राहाल. आधी पेन्सिलीनं मापं घेतली. उजवा हात उजवा, डावा डावा. मिशीचा केस न् केस मोजूनमापून. पट्ट्याचं बक्कल, चौकटीचा कोन, कुठं म्हणून बोट ठेवायला जागा ठेवली नाही. शाई वाळल्यावर तीन-तीनदा तपासलं आणि ताठ मानेनं सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

सर बघत राहिले. आधी उलटं, मग सुलटं. हळूहळू त्यांचा चेहरा असा खुलला, पुण्याहून आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "कान?"

"कानाचं काय?"

"एकच आहे."

मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि पाहिलं. खरंच एकच होता. सर तोवर पेनाचं टोपण काढून बसले होते.